उन्हात रुसणारी जपानी गाडी

दादाचा फोन आला तेव्हा मी घरी रिकामी बसले होते. तळेगावच्या ज्या कारखान्यात मी वीसेक वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढली, तिथला डिझाइन विभाग दूर दुसऱ्या राज्यात हलवला गेला होता. तिकडे चला, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घ्या, असं आम्हाला सांगण्यात आलं. मुलीची बारावी होती, सासूबाईंना हिंडता-फिरता येत नव्हतं. मी निवृत्ती घेतली. पहिले काही महिने बरे गेले. मग सकाळी डबा भरून झाला, की आता काय, असं वाटायला लागलं. कुणी विचारलं, "सध्या काय करता?" तर मी मुलीच्या बारावीचं बोलायला लागायची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो मळवलीला आमची भातशेती बघतो, आणि शेताला लागूनच असलेल्या एका बंगल्याची राखणही करतो. बंगला मुंबईच्या एका डोळ्यांच्या डॉक्टर बाईंचा. त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर कप्तान होते. कप्तान गेले, बाई थकल्या, मुलीकडे पुण्याला राहायला गेल्या, आणि बंगला वर्षानुवर्षं बंदच राहिला.

"बाईंनी बंगला इकला," दादा फोनवर म्हणाला. "आपल्या शेडातली गाडी मला देत्यात. लोखंडवाला यून बगून गेला. म्हनतो, हितंच कापून नेतो. तू जरा यून बग. तुला त्यातलं कळतंय."

"चालू आहे का ती?"

"न्हाई. कप्तानसाहेब गेल्यापास्नं उभीच हाये. पन दर दसऱ्याला मी धुतो तिला. हार घालतो."

मी स्कूटर काढली आणि कामशेतवरून मळवलीला गेले.

बंगल्याच्या कुंपणाला लागून असलेल्या आमच्या शेडात अर्ध्या भागात पेंढा रचलेला होता, आणि उरलेल्या अर्ध्यात ताडपत्रीखाली ती उभी होती. दादाने ताडपत्री ओढली. चार दारांची, लांबट, जमिनीला चिकटून बसलेली सेडान. रंग मुळात रुपेरी-हिरवा असावा, आता धुळीचा झाला होता. चारही टायर बसलेले. मागच्या काचेतल्या कोपऱ्यात दसऱ्याच्या वाळक्या झेंडूची पाकळी अडकली होती. कप्तान नोकरी संपवून कायमचे परत आले तेव्हा ही गाडी त्यांनी जपानमधून जहाजाने आणली होती. तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालतात, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडेच होतं. आतल्या सगळ्या सूचना मात्र जपानीत होत्या.

मी दार उघडलं. इतकी वर्षं बंद राहूनही बिजागरी करकरली नाही. आत बसले आणि दार ओढून घेतलं. 'ठप्' असा एकच बुजलेला आवाज झाला, चांगल्या लाकडी पेटीचं झाकण बसतं तसा. मी दार पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. दादा बाहेरून बघत होता.

"काय करतीस?"

"आवाज ऐकतेय."

आयुष्यभर मी गाडीचे तुकडे काढले होते. एखादा ब्रॅकेट, एखादी क्लिप, डॅशबोर्डच्या आतली एखादी प्लास्टिकची पट्टी. अख्खी गाडी म्हणून कुणी कसा विचार केला असेल, हे बसून बघायची वेळ कधी आली नव्हती. त्या सीटवर बसल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे उजेड. काचा मोठ्या, आणि काचांमधले खांब इतके बारीक, की चारही बाजूंचं शेत दिसत होतं. समोर बॉनेट इतकं खाली, की गाडीच्या नाकापुढची वीतभर जमीनसुद्धा दिसावी. हल्लीच्या गाड्यांत बसलं की विहिरीत बसल्यासारखं वाटतं. इथे ओट्यावर बसल्यासारखं वाटलं.

मग प्रश्न पडला, की बॉनेट इतकं खाली बसवलं कसं. इंजिन तर खाली गडप होत नाही. मी बॉनेट उचललं, टॉर्च घेतला आणि पोत्यावर आडवी होऊन चाकाच्या आत डोकं घातलं. साधारणपणे पुढच्या चाकाला एक उंच उभा खांब धरून ठेवतो. त्यातच स्प्रिंग, त्यातच शॉकअॅब्सॉर्बर. स्वस्त आणि सुटसुटीत काम. पण त्या खांबाचं डोकं वर येतं, आणि त्याला झाकायला बॉनेट वर न्यावं लागतं. इथे तसं नव्हतं. चाकाला दोन हातांनी धरलं होतं, एक वर, एक खाली, आणि प्रत्येक हात दोन बोटांसारखा फाकलेला. पुढेही तसंच, मागेही तसंच. यात भाग दुप्पट, सांध्यांतले रबरी बुश दुप्पट, कामही दुप्पट. आमच्या कारखान्यात मी असं ड्रॉइंग नेलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते टेबलावर परत आलं असतं.

वहिनी चहा घेऊन आली होती. ती खाली वाकून म्हणाली, "असं दोन हात कशापायी?"

मी सांगितलं, "चाक खड्ड्यात गेलं, दगडावर चढलं, तरी सरळ उभं राहावं म्हणून. चाक वरखाली होतं, पण कलत नाही."

वहिनीने जरा विचार केला. "म्हंजी बांधावरनं हंडा घिऊन चालल्यागत. पाय वरखाली व्हत्यात, डोस्क्यावरचा हंडा हालत न्हाई."

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. मी पोत्यावरून उठले, केसातला पेंढा काढला आणि दादाला म्हणाले, "लोखंडवाल्याला नाही सांग."

पुढचे महिने मी आठवड्यातले बरेच दिवस मळवलीला जाऊ लागले. कामशेतचे एक मिस्त्री मदतीला आले. माणूस सरळ होता. गाडी बघून म्हणाले, "ताई, खोलायचं-जोडायचं माझ्याकडं लागलं. पण सामान कुटनं आणायचं, ते तुमी बघा. आणि मला इचाराल तर हिच्यात दुसरं डिझेल इंजिन टाकू. हिचं काय खरं न्हाई."

"इंजिन हेच राहील," मी म्हणाले.

त्यांनी वाद घातला नाही. आम्ही टाकी उतरवली. आतलं पेट्रोल वार्निशासारखं घट्ट झालं होतं आणि त्याला कुजक्या सफरचंदाचा वास येत होता. उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं. मी एकेक तार तिच्या रंगावरून ओळखून जोडत गेले. बॉनेटखालच्या जपानी स्टिकरवरची अक्षरं वाचता येत नव्हती, पण चित्रं वाचता येत होती. ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं ड्रॉइंग कळतं, मग भाषा कुठलीही असो. इंजिनचा पट्टा पुण्यातल्या जुन्या सामानाच्या एका दुकानात दुसऱ्याच मॉडेलचा म्हणून पडला होता. दात मोजले, रुंदी मापली, तोच निघाला.

इंजिन उघडल्यावर मिस्त्रींनी मला हाक मारली. मुख्य दांड्याच्या दोन बाजूंना आणखी दोन बारीक दांडे होते. "हे कशाला दिलेत, ताई? हे तर काहीच फिरवत न्हाईत."

मीही गोंधळले. त्यांच्यावर कसलाच भार नव्हता, आणि त्यांचा आकार एका बाजूला जड होता. मी तिथेच बसून कागदावर चाकं काढली, दातांचं गणित केलं, आणि मग लक्षात आलं. ते दांडे इंजिनच्या दुप्पट वेगाने फिरतात, आणि इंजिन जिकडे हिसका मारेल त्याच्या उलट हिसका मारतात. बस एवढंच त्यांचं काम. इंजिनची थरथर गाडीत बसणाऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून कुणीतरी दोन अख्खे दांडे घडवले होते.

सस्पेन्शनचे रबरी बुश मात्र कुठेच मिळेनात. जुने सगळे चिरले होते. शेवटी मी घरच्या डायनिंग टेबलावर कागद अंथरला आणि जुन्या बुशवरून माप घेऊन ड्रॉइंग काढलं. कितीतरी महिन्यांनी हातात पेन्सिल धरली होती. पहिली रेघ खोडली, दुसरी राहू दिली. तळेगावातले एक रबर मोल्डिंगवाले आमच्या जुन्या विभागाची कामं करायचे. त्यांच्याकडे गेले. त्यांनी कागद उलगडला, खालची माझी सही बघितली, आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं ड्रॉइंग आलं की आम्हाला फोन करून काही विचारावं लागत नाही. बरं वाटलं." त्या रात्री मला चांगली झोप लागली.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं ते दुपारी. आधी खोकलं, निळा धूर ओकलं, बंद पडलं. दुसऱ्यांदा पकडलं. मिस्त्रींनी कान लावला, मग हळूच माझ्याकडे बघून हसले. वहिनीने घरातून फुलपात्रात पाणी आणलं आणि चालू इंजिनवर ठेवलं. पाण्याच्या कडेला बारीकशी वर्तुळं उठत होती, तेवढीच. दादा ते पाणी बराच वेळ बघत राहिला. मग कमरेवर हात ठेवून शेजारच्या शेतातल्या माणसाला म्हणाला, "बग, पानीसुदिक हालत न्हाई."

रंग तसाच ठेवला, फक्त पॉलिश केला. पुढचे काही आठवडे आम्ही ती गाडी गावात फिरवली, कार्ल्याला नेली, पवनेच्या बाजूला नेली. खराब रस्त्यावर ती खरोखरच हंडा घेतलेल्या बाईसारखी जायची. दादा गाडी चालवायला शिकलेला होताच, त्याने बंगल्याचीच जीप चालवली होती. पण या गाडीत बसला की तो सदरा बदलून यायचा.

आणि मग उन्हाळा तापायला लागला.

दादाचं वडगावला तहसील कचेरीत सातबाऱ्याचं काम होतं. दोघं गाडी घेऊन गेलो. काम झालं, बाहेर आलो, गाडी उन्हात उभी होती. किल्ली फिरवली. स्टार्टर फिरतोय, फिरतोय, इंजिन काही पकडत नाही. चार माणसं जमली, मग दहा. "ढकला, ढकला." ढकलून काही झालं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून ती कडेच्या लिंबाखाली नेली. आम्ही उसाचा रस पीत बसलो. ऊन उतरल्यावर, जायचं कसं याचा विचार करत सहज किल्ली फिरवली, तर पहिल्या झटक्यात चालू.

असं पुन्हा झालं कामशेतच्या बाजारात, आणि पुन्हा पवनानगरला. मिस्त्रींनी पेट्रोलचा पंप बदलला. फरक नाही. स्पार्क तपासला, चांगला होता. चालताना कधी बंद पडायची नाही. उन्हात थांबून परत निघायची वेळ आली, की रुसायची. चावडीवर कुणीतरी म्हणालं, "जपानी पाव्हनी दुपारची झोप घेती वाटतं." ते गावभर झालं.

दादाला ते लागलं. एका सकाळी तो शेडाच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई पुढल्या म्हयन्यात येनार हाईत, बंगल्याच्या शेवटच्या कागदावर सह्या कराया. माझ्या मनात व्हतं, ह्याच गाडीतनं त्यांना वर डोंगरावर नेऊन आणावं. पन ही अशी मधीच बसली तर? म्हाताऱ्या मानसाला उन्हात उभं करायचं व्हय? जाऊ दे आता. लय केलंस तू."

"दादा, मला थोडे दिवस दे," मी म्हणाले.

मी त्या दिवशी घरी गेले आणि काहीच केलं नाही, फक्त विचार केला. कारखान्यात एक गोष्ट मी शिकले होते, की दोष कधीतरीच दिसतो तेव्हा आधी तो हवा तेव्हा दिसेल असं करावं. गाडी उन्हात रुसते, म्हणजे काहीतरी गरम झालं की बिघडतं. काय गरम झालं की बिघडतं, तेवढं शोधायचं.

सकाळी गाडी थंड असताना मी किल्ली अर्धीच फिरवली आणि कान दिले. मागून, सीटखालून, एक बारीक गुणगुण आली आणि क्षणात थांबली. तो पेट्रोलचा पंप. मग गाडी भर दुपारी अंगणात काचा बंद करून ठेवली. तासाभराने आत बसले, चटका बसत होता, आणि किल्ली अर्धी फिरवली. गुणगुण नाही. म्हणजे पंप बिघडलेला नव्हता, पंपाला वीजच पोहोचत नव्हती. वाटेत कुठेतरी दार बंद होत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीचा हेअर ड्रायर घेऊन गेले. गाडी सावलीत, थंड. मी डॅशबोर्डखाली पाठीवर झोपले, पाय दाराबाहेर, आणि एकेका भागावर ड्रायरचा गरम वारा सोडत गेले. प्रत्येक वेळी वहिनी किल्ली फिरवून ऐकायची.

"वाजतंय?"

"वाजतंय."

फ्यूजची पेटी झाली. एक जाडा जोड झाला. मग स्टिअरिंगच्या उजवीकडे, अगदी वर, काडेपेटीपेक्षा जरा मोठा असा एक राखाडी डबा होता. त्यावर वारा सोडला.

"वाजतंय?"

वहिनीने मागे कान दिला. पुन्हा किल्ली फिरवली. "न्हाई. आता न्हाई वाजत."

मी ड्रायर बंद केला. आम्ही दोघी वाट बघत बसलो. डबा हाताला थंड लागल्यावर वहिनीने किल्ली फिरवली आणि गुणगुण परत आली. तिने माझ्या पायावर चापटी मारली. "सापडलं गं."

डबा काढून उघडला. आत सर्किटची एक छोटी पाटी, त्यावर जोड पक्के करणारे कथलाच्या डागाचे थेंब. भिंग लावून बघितलं तर दोन थेंबांभोवती केसाएवढी गोल भेग. गाडीच्या आत ऊन साठलं, की पाटी ताणली जायची, भेग उघडायची आणि वीज तुटायची. गार झाली की भेग मिटायची. इतक्या विचाराने बनवलेल्या गाडीत एवढंच एक राहून गेलं होतं. ज्याने हे काढलं त्याच्या देशात इतकं ऊन नसणार, किंवा त्याला घाई झाली असेल. मला त्याचा राग आला नाही. माझ्याही कितीतरी ड्रॉइंगांत असे थेंब राहिले असतील. मी मिस्त्रींची डागणी मागवली, जुना डाग काढला आणि नवा दिला. मग पुन्हा ड्रायर लावला, डबा हाताला भाजेपर्यंत. गुणगुण येत राहिली.

दादाने सगळं ऐकून घेतलं. "पन खऱ्या उन्हात बगितलं का?"

"ड्रायरने त्याहून जास्त तापवलाय," मी म्हणाले. "बाई येतील त्याच दिवशी बघू."

त्याने बॉनेटवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, "तुझा भरवसा हाये ना?"

"आहे."

"मग माझाबी हाये."

बाई आल्या त्या भर मे महिन्यात. ऐंशीच्या पुढच्या, पांढरे केस कापलेले, हातात काठी, पण पाठ सरळ. सह्या झाल्या, नवे मालक गेले. बाई बंगल्याकडे फार बघत बसल्या नाहीत. शेडापाशी आल्या आणि गाडी बघून थांबल्या. काचेवरून हात फिरवला.

"चालते?" त्यांनी विचारलं.

"बसा, बाईसाहेब," दादा म्हणाला. "वर जाऊन येऊ."

मी चालवायला, बाई माझ्या शेजारी, दादा आणि वहिनी मागे. जुन्या हमरस्त्याने लोणावळ्यात शिरलो. बाजारात चिक्कीच्या दुकानांपुढे गर्दी होती, गाड्या खोळंबल्या होत्या, आमचं इंजिन शांतपणे चालू. भुशी धरणाच्या पुढे चढ लागला. मी गिअर बदलायला गेले तर बाई म्हणाल्या, "नको. तिसऱ्यातच राहू दे. आमचे हे म्हणायचे, हिला दाबून ठेवू नये, हिला वर जाऊ द्यावं."

मी पाय दिला. काटा वर सरकला, आणि एका ठिकाणी इंजिनचा आवाज पालटला. आधी गुरगुर होती, आता सूर लागला. गाडीने आम्हा चौघांना उचलून वळण पार केलं, पुढचं वळण पार केलं. मागची मोठी गाडी दूर राहिली. स्टिअरिंग माझ्या बोटांत होतं आणि त्यातून रस्ता कळत होता, कुठे खडी आहे, कुठे डांबर गुळगुळीत आहे. माझ्या टेबलावर काढलेले बुश त्या क्षणी खाली चाकं धरून होते. वहिनी मागून म्हणाली, "पोटातलं पानी हाललं न्हाई." दादा खिडकीवर कोपर ठेवून बसला होता, आणि वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात करत होता. बिनओळखीच्यांनाही केला.

वर पठारावर पोहोचलो. खाली दरी उन्हात पांढुरकी दिसत होती. गाड्या लावायच्या जागेत एका झाडाची सावली रिकामी होती. मी तिथे गेले नाही. मी गाडी मोकळ्या उन्हात लावली, काचा चढवल्या आणि किल्ली काढली.

बाई एकदम माझ्याकडे वळल्या. "अगं, उन्हात बंद नको करूस. सावलीत घे. हिला ही सवय आहे, उन्हात उभी केली की चालू होत नाही. आमच्या ह्यांनी सगळं करून बघितलं. मुंबईत दाखवली, पुण्यात दाखवली. शेवटी ते जिथे जायचे तिथे आधी झाड शोधायचे."

 मी हातातल्या किल्लीकडे बघितलं. ही रुसण्याची खोड शेडात उभी राहून लागलेली नव्हती, जुनीच होती, आणि भल्याभल्यांना सापडली नव्हती. मी ज्याला दोष समजले होते तो खरंच तोच होता का, की आणखी काहीतरी होतं?

"बाई, राहू दे उन्हातच," मी म्हणाले.

आम्ही कठड्याजवळ गेलो. कणसं खाल्ली, चहा घेतला. बाईंनी कप्तानांच्या गोष्टी सांगितल्या, ते याच पठारावर वारा किती आहे ते जहाजावरच्या भाषेत सांगायचे वगैरे. मी हो हो म्हणत होते, पण माझं लक्ष गाडीकडे होतं. तिच्या टपावरची हवा थरथरताना दिसत होती. दादा दोनदा उठून गेला आणि दोनदा परत आला. "भट्टी झालीया नुसती," दुसऱ्यांदा येऊन तो हळूच म्हणाला.

परत निघालो. मी दार उघडलं तर आतून गरम लाट अंगावर आली. बसले. स्टिअरिंगला हात लावता येईना, पदर गुंडाळून धरलं. सगळे बसले. मी किल्ली अर्धी फिरवली.

मागून गुणगुण आली.

मी किल्ली पुरती फिरवली, आणि इंजिन एका फेऱ्यातच चालू झालं, जणू आता आता बंद केलं होतं.

वहिनीने माझ्या खांद्यावर दोन्ही हात ठेवले. दादा दार उघडून खाली उतरला, गाडीच्या पुढे गेला, बॉनेटवर तळहात ठेवला, आणि चटका बसल्यावर हसत हात झटकला. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"काय केलंस तू?"

मी सांगितलं. डबा, पाटी, डागाचा थेंब, भेग. हेअर ड्रायरचं ऐकल्यावर बाई मान मागे टाकून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ते असते तर त्यांनी तुला जहाजावर इंजिनिअर म्हणून नेलं असतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, काचेतून बाहेर बघत, "इतकी वर्षं आम्ही झाडं शोधत फिरलो. आणि दोष एवढासा."

"एवढासाच होता," मी म्हणाले, "पण सापडायला अवघड जागी होता."

"अवघड जागेचं मला सांगू नकोस. मी डोळ्यांची डॉक्टर आहे."

उतारावर मी बाईंना विचारलं, की घाई आहे का. त्या म्हणाल्या, अजिबात नाही. मग आम्ही लोणावळ्यात भर दुपारी आणखी दोन ठिकाणी मुद्दाम उन्हात थांबलो. एकदा चिक्की घ्यायला, एकदा उगाच. प्रत्येक वेळी किल्ली फिरवायचा मान वेगळ्या माणसाला मिळाला. चिक्कीच्या दुकानापुढे तो बाईंना मिळाला. त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बोलल्यावर शेजारच्या टॅक्सीवाल्याला काच खाली करून सांगितलं, "जहाजातून आलेली आहे ही."

पावसाळ्याआधी गाडीची तपासणी झाली आणि ती रीतसर दादाच्या नावावर झाली. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने चारही चाकांच्या आत डोकं घालून बघितलं आणि विचारलं, हे बुश कुठून आणले. मी म्हणाले, मी काढलेत. त्याने मला पुन्हा विचारलं, म्हणजे कुठून? मी पुन्हा तेच सांगितलं.

मग त्या बुशची बातमी कशी पसरली कोण जाणे. आधी पिंपरीहून एक जण आला, त्याच्याकडे तशीच जुनी जपानी गाडी होती आणि बुश मिळत नव्हते. मग मुंबईहून दोघं आले. रबरवाल्यांनी साचा जपून ठेवला होताच. दादाने शेडातला पेंढा हलवला आणि जमिनीला कोबा केला. मिस्त्री आता आठवड्यातून तीन दिवस कामशेतचं गॅरेज भाच्यावर सोडून आमच्याकडे असतात. पेंढ्याच्या जागी माझं ड्रॉइंगचं टेबल आलं. खिडकीतून शेत दिसतं. लावणी चालू असली की वहिनी बांधावरून ओरडून विचारते, आज कुणाची आलीया, आणि मी ओरडून सांगते.

सध्या समोर एक पांढरी सेडान उघडून पडलेली आहे. पार गंजलेली, मालक नागपूरचा. त्याला तिकडे सगळ्यांनी सांगितलं, कापून टाक. काल मी तिच्या चाकाच्या आत टॉर्च मारला तर तिथेही कुणीतरी, माझ्यासारख्याच एखाद्या टेबलावर बसून, खालच्या हाताला एक बारीक वळण दिलंय. ते का दिलंय, ते मला अजून कळलेलं नाही. दादा म्हणाला, चहा घे आदी. मी म्हणाले, घेते, आणि पोतं अंथरून पुन्हा खाली गेले.